हातोडीच्या ठोक्यानं बुडणारं शेवाळ

तळ्यावरचं हिरवंगार पाणी बाटलीत काठोकाठ भरायचं, घट्ट बूच लावायचं आणि बुचावर हातोडीचा एक ठोका मारायचा. बस्स! वर तरंगणारं शेवाळ खाली बसायला लागतं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिख क्लेबान यांनी १८९५ मध्ये केलेला हा प्रयोग.

त्या ठोक्यानं फुटलं काय? ज्याला आपण शेवाळ म्हणतो ते इथे खरं तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. त्यांच्यातल्या मायक्रोसिस्टिसच्या पेशीत वायूनं भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या असतात, प्रथिनांच्या भिंतींच्या. दाब अचानक वाढला की त्या चिरडल्या जातात आणि पेशी बुडते.

एरवी ही पेशी आपला तोल आपणच सांभाळते. दिवसा उन्हात साखर बनवून जड होते, खाली जाते. रात्री तीच साखर खर्चून हलकी होते, वर येते. वारा पडलेला असला तर अब्जावधी पेशी रातोरात वर जमतात आणि सकाळी लोक विचारतात, तळ्यात हिरवा रंग ओतला कुणी?

२ ऑगस्ट २०१४ ला अमेरिकेतल्या टोलेडो शहरात सुमारे चार लाख लोकांना सांगण्यात आलं: नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको. शहराचं पाणी ईरी सरोवराचं, आणि त्यात मायक्रोसिस्टिन सापडलं होतं. याच जिवाणूंच्या पेशीत बनणारं, यकृताला इजा करणारं हे विष उकळीनं नष्ट होत नाही. उलट पाणी आटतं आणि विष दाट होतं. म्हणून शुद्धीकरण केंद्रात पेशी शक्यतो न फोडता गाळाव्या लागतात आणि विरघळलेलं विष सक्रिय कोळशानं शोषून घ्यावं लागतं. बंदी ४ ऑगस्टला उठली.

पण या जिवाणूंचं एवढं पीक पोसतं कोण? १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी ‘२२६ क्रमांकाच्या’ तळ्यात पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकातच. तोच भाग हिरवा झाला!

ईरीच्या टोलेडोकडच्या भागात हा फॉस्फरस मुख्यतः मॉमी नदी आणते, मका-सोयाबीनच्या शेतांतून वाहून आलेला. टोलेडोच्या नळाला येणाऱ्या पाण्याचं भवितव्य बरंचसं तिथेच ठरतं: खत किती टाकलं, आणि पाऊस तोंडावर असताना टाकलं का, यावर.