थंडीचा कोड आणि आटणारं कूलंट

आज ईजीआरवरच्या (इंजिनाचा थोडा धूर पुन्हा आत फिरवणाऱ्या यंत्रणेवरच्या) लेखाचा उरलेला भाग लिहायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण कराडच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न इतका नेमका आहे की तो बाजूला ठेवून पुढे जाववत नाही.

त्यांची सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे, बीएस-६ मधली, नव्वद हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली. डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी०१२८ हा कोड आला. मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बदलला, दिवा गेला. काही आठवड्यांनी पुन्हा तोच दिवा, तोच कोड. मधल्या काळात टाकीतलं कूलंट मिनिममच्या रेषेखाली गेलेलं, पण गाडीखाली एक थेंब नाही आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे कधी सरकलाच नाही. ते विचारतात, हे दोन आजार समजायचे की एकच?

एकच. फक्त त्याची सुरुवात गॅरेजने जिथे धरली तिथे नाही.

पी०१२८ चा अर्थ असा की इंजिन अपेक्षित वेळेत गरम झालं नाही. गाडी सुरू करताना कूलंट किती थंड होतं, बाहेरची हवा किती अंशांची आहे, इंजिनावर किती भार पडतो आहे, यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मनाशी हिशेब मांडतो की इतक्या मिनिटांत कूलंट इतकं तापलंच पाहिजे. तेवढं तापलं नाही तर तो नोंद ठेवतो. सहसा लागोपाठ दुसऱ्या फेरीतही तसंच झालं की मग दिवा लावतो.

आता हे तापमान मोजतो कोण? बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध उतरतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. त्याचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असेल तरच हा आकडा खरा. पातळी खाली गेली, किंवा आत हवेचा फुगा अडकला, की ते टोक हवेत लटकतं. धातू शेजारी रसरसून तापलेला असतो, पण हवा ती उष्णता द्रवासारखी पोहोचवत नाही. सेन्सर सांगतो, अजून थंड आहे. ईसीयू त्यावर विश्वास ठेवतो आणि काटाही त्याच आकड्यावर चालतो. म्हणजे ज्या गाडीला तापण्याचा खरा धोका आहे, तीच गाडी थंडीचा कोड देते.

थर्मोस्टॅट बदलल्यावर दिवा का गेला, हेही आता उलगडतं. थर्मोस्टॅट काढायचा तर कूलंट उतरवावं लागतं. नवा बसवला की ते पुन्हा काठोकाठ भरतात, हवा काढतात. सेन्सर परत बुडाला, आकडा बरोबर आला, दिवा विझला. श्रेय नव्या थर्मोस्टॅटला मिळालं. गळती होती तशीच राहिली, पातळी पुन्हा उतरली आणि दिवा परत लागला. जुना थर्मोस्टॅट बहुधा ठणठणीत होता. पी०१२८ आला की आधी थंड इंजिनावर पातळी बघायची, मग सेन्सरचा आकडा आणि मग थर्मोस्टॅट. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि आजार राहतो.

या दिव्याचा स्वभाव कळायला त्याचा जन्म माहीत हवा. तो इंजिन वाचवण्यासाठी आलाच नाही, तो आला धुरासाठी. लॉस एंजेलिसच्या काळवंडलेल्या हवेशी झगडणाऱ्या कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाड्यांना स्वतःची तपासणी करायला लावली. १९९६ च्या मॉडेलांपासून साऱ्या अमेरिकेत ओबीडी-२ सक्तीचं झालं, १६ पिनांचं तेच सॉकेट जे आज आपल्याही स्टिअरिंगखाली असतं. आपल्याकडे बीएस-४ च्या काळात ते रुळलं आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ने त्याचे निकष कडक केले. थंड इंजिन जास्त प्रदूषण करतं, म्हणून इंजिन थंड राहिलं की दिवा लागतो. कूलंट आटल्याने थेट धूर वाढत नाही, म्हणून त्यासाठी कायद्याने दिवा मागितला नाही. बऱ्याच गाड्यांत टाकीच्या पातळीचा सेन्सरही नसतो. ते काम तुमच्या डोळ्यांचं आहे.

मग कूलंट जातं कुठे? त्यासाठी झाकणाकडे वळू. टाकीच्या किंवा रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा, बारमध्ये. ग्लायकॉल आणि पाणी यांचं निम्मं-निम्मं मिश्रण समुद्रसपाटीला १०७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने दाब धरला की हा आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. महाबळेश्वरच्या उंचीवर साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. आता पसरणीचा घाट, भरलेली गाडी, दुसरा गिअर, एसी चालू, टाकीत नळाचं पाणी आणि झाकणाचं रबर कडक झालेलं, अशी कल्पना करा. पाणी उकळून झाकणातूनच निघून जातं. शेकड्यांत मिळणारं ते झाकण हजारोंचं हेड वाचवत असतं. शंका आली तर पहिल्यांदा तेच बदलावं.

थेंब न दिसण्याची कारणं तीन. एक, गळती तापलेल्या भागावर होते आणि वाफ होऊन जाते. मागे उरतो पांढुरका, गुलाबी किंवा हिरवट खर. दोन, थेंब इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या गार्डवर साचतात आणि तिथेच वाळतात. तीन, गळती आतल्या आत आहे. पहिल्या दोघांना पकडायचा उपाय म्हणजे प्रेशर टेस्टर, झाकणाच्या जागी बसणारा मीटर लावलेला हातपंप. थंड इंजिनावर झाकणाच्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. काटा उतरला तर टॉर्च घेऊन होज पाइपांचे क्लॅम्प, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा आणि अॅल्युमिनियमचा सांधा, थर्मोस्टॅटचं हाउसिंग आणि वॉटर पंप तपासायचा. डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं लागलं आणि काचेवर चिकट धुकं धरत असेल तर हीटर कोअर. काही गळत्या फक्त थंडीत होतात, रबर आणि क्लॅम्प आक्रसलेले असताना. म्हणून दिवसभर चाललेल्या गाडीवर ही तपासणी करून उपयोग नाही, गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवावी.

हे सगळं त्यांना कळवलं. परवा त्यांचा फोन आला. गार्ड खोलल्यावर त्यावर गुलाबी खराचे थर निघाले. वॉटर पंपाला सीलच्या मागे एक बारीक भोक असतं, सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं. तिथून थेंब येत होते. पंप बदलला, हवा काढली, पातळी स्थिर आहे.

तिसरं कारण, आतली गळती. टेस्टरचा काटा उतरतो, बाहेर कुठेच ओल नाही, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, टाकीत बुडबुडे दिसतात किंवा ऑइल दुधाळ होतं. तिथे संशय हेड गॅस्केटवर, आणि डिझेलमध्ये ईजीआर कूलरवरही. त्या कूलरची कथा पुढच्या आठवड्यात येतेच आहे.

एका सवयीबद्दल कळकळीने लिहितो. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा सल्ला अजून अनेक गॅरेजांत मिळतो. जुन्या जीपगाड्यांत तो खपून गेला. आजच्या डिझेलला थर्मोस्टॅट नसेल तर हायवेवर इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल जास्त जळतं, डीपीएफमधली (धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळण्याची प्रक्रिया अडते आणि पी०१२८ हटत नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर नवा बसवा, जागा रिकामी ठेवू नका. तीच गोष्ट हळदीची. घाटात अडकल्यावर रेडिएटरमध्ये हळद टाकून, गळती तात्पुरती बुजवून जवळच्या गावापर्यंत पोहोचणं समजू शकतं, पण ती आत ठेवून महिनोन्‌महिने गाडी चालवली तर हीटर कोअरच्या बारीक नळ्या तुंबतात.

दिवा पिवळा आणि स्थिर असेल तर गाडी गॅरेजपर्यंत नेता येते, पण आधी पातळी बघून. तो लुकलुकत असेल तर वेग कमी करून लवकरात लवकर थांबा. तापमानाचा लाल दिवा लागला तर लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. सांडलेलं कूलंट धुऊन टाका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते त्यांच्यासाठी जीवघेणं विष आहे.

सगळ्या वाचकांना एक विनंती. उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडा, टाकीवर आजच्या पातळीला मार्करने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. पंधरा दिवसांनी, पुन्हा थंड इंजिनावर, पाहा. पातळी रेघेखाली गेली असेल तर दिव्याची वाट न पाहता प्रेशर टेस्ट करून घ्या.