आठ पतंग, तीन रात्री

गुलाबी बोंडअळीचा पतंग दिवसा सहसा नजरेस पडत नाही. पऱ्हाटीच्या सावलीत किंवा जमिनीच्या फटीत तो दडून राहतो आणि अंधार पडला की उडायला लागतो. मादी पाते, फुले आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी लगेच आत शिरते आणि तिने पाडलेले बारीक छिद्र बोंड वाढता वाढता बुजून जाते. बाहेरून बोंड ठणठणीत दिसते, आत मात्र सरकी खाल्ली जात असते. वेचणीच्या वेळी बोंड नीट उमलत नाही, कापूस पिवळट, कवडी निघतो आणि तेव्हा कास्तकाराच्या हातात करण्यासारखे काही उरलेले नसते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यात हे कुणाला नव्याने सांगायला नको. जवळ अरुणावतीचे धरण असले, तरी इथली बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर चालते. खरिपात कापूस, सोयाबीन, तूर हीच मुख्य पिके. अशा तालुक्यात ‘स्मार्ट तंत्रज्ञान’ म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर प्रदर्शनातल्या चकचकीत स्टॉलपेक्षा एखाद्या धुऱ्यावर उभे राहिलेले बरे. कापसाचे एक झाड पेरणीपासून गाठीपर्यंत कोणकोणत्या यंत्रांच्या नजरेखालून जाते, हे पाहिले की चित्र पुष्कळ स्पष्ट होते.

अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून गाठायचे ते पतंगाला आणि त्याच्या अंड्यांना, तेही वेळेवर. त्यासाठी कामगंध सापळा वापरतात. फनेलसारखे तोंड, खाली लांब प्लास्टिकची पिशवी आणि वर मादीच्या गंधाची नक्कल करणारी गोळी, म्हणजे ल्यूर. नर पतंग गंधाला भुलून येतो आणि पिशवीत अडकतो. हेक्टरी पाच सापळे पाहणीसाठी पुरतात. हिशेब ठरलेला आहे: एका सापळ्यात एका रात्रीत आठ पतंग आणि असे सलग तीन रात्री आढळले, तर किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे धरायचे. जोडीला फुलेही पाहायची. पाकळ्या आतून जाळ्याने बांधल्यासारख्या मिटून राहिलेल्या फुलाला डोमकळी म्हणतात. दहा टक्के फुले-बोंडे किडलेली दिसली, तरी तोच इशारा.

नियम इतका साधा असूनही तो पाळला जात नाही, कारण रोज सकाळी पिशवी सोडून पतंग मोजायला कुणाला फुरसत नसते. शिवाय पिशवीत इतरही किडे पडलेले असतात. मेलेल्या, पंख झडलेल्या किड्यांच्या ढिगातून गुलाबी बोंडअळीचाच पतंग वेगळा काढणे हे नवख्याचे काम नाही.

नेमक्या या जागी संशोधकांनी हात घातला. मुंबईत 2018 साली सुरू झालेल्या वाधवानी एआय या संस्थेने मोबाइलच्या कॅमेऱ्याने पतंग मोजणारी प्रणाली तयार केली. सापळ्यातले पतंग कागदावर पसरायचे, फोटो काढायचा आणि फोनने सांगायचे की यात बोंडअळीचे किती आहेत आणि आता फवारणीची गरज आहे की नाही. त्यामागचे काम मात्र हमालीचे आहे. हजारो फोटोंवर माणसांनी बसून एकेका पतंगाभोवती चौकट आखली आणि त्या चौकटी दाखवून दाखवून संगणकाला पतंग ओळखायला शिकवले. पुढची अडचण नेटवर्कची. शेतात रेंज नसते, म्हणून ही सगळी ओळख आकुंचित करून स्वस्त फोनमध्येच मावेल अशी बसवावी लागली. गूगलच्या दातृत्व संस्थेने 2019 साली या कामाला 20 लाख डॉलरचे अनुदान दिले. ‘कॉटनएस’ हे त्या ॲपचे नाव.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने एक पाऊल पुढे जाऊन पिशवी सोडण्याचे कामही माणसाकडून काढून घेतले. 1976 साली स्थापन झालेली ही संस्था. तिच्या स्मार्ट सापळ्यात चिकट पृष्ठभाग, वर कॅमेरा आणि हवामान टिपणारे संवेदक असतात. कॅमेरा ठरावीक वेळाने फोटो काढतो, त्यावरून पतंगांची संख्या काढली जाते आणि ती मोबाइलवर पोहोचते. त्याच्या चाचण्या पंजाबातल्या कापूस पट्ट्यातही झाल्या आहेत.

पतंग मोजण्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर यवतमाळने फार महागात शिकले आहे. बीटी कापसाला भारतात 2002 साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण 2006 साली आले आणि काही वर्षे बोंडअळीची भीती गेल्यासारखी वाटली. पण गुलाबी बोंडअळीने बीटी कापसातल्या विषाला पचवायला सुरुवात केली. लांबलेला हंगाम आणि उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवलेली फरदड यांनी तिला वर्षभर खाद्य पुरवले. 2017 साली महाराष्ट्रात तिचा मोठा उद्रेक झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. उंच पिकात शिरून फवारताना औषधाचे तुषार चेहऱ्यावर, छातीवर येत होते. त्यातच औषधांची मिश्रणे, उकाडा आणि हातमोजे-मास्कचा अभाव.

विषबाधेची कारणे अनेक होती आणि एखादे ॲप असते तर ते सगळे टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, ही सवय मोडायला आकडा लागतो. सापळ्यात आज दोनच पतंग आहेत हे डोळ्यांनी दिसले, तर एक फवारणी वाचते. तिचे पैसे वाचतात आणि पाठीवर पंप बांधणारा मजूरही तेवढा विषापासून लांब राहतो. फवारणी करावीच लागली तर ड्रोनचा पर्याय आता गावांत येतो आहे. महिला बचत गटांना 80 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 8 लाख रुपयांचे अर्थसाहाय्य देणारी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना केंद्राने आणली. ड्रोनचा मोठा फायदा वेगापेक्षा वेगळा आहे: चालवणारा माणूस धुऱ्यावर उभा असतो, विषाच्या ढगात नसतो.

ही निरीक्षणाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. 2008 साली विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी धुमाकूळ घातला. त्यानंतर ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतांत जाऊन किडी मोजायच्या, आकडे संगणकावर चढवायचे आणि त्यावरून सल्ला द्यायचा, हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा होण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. नव्या यंत्रांची बातमी देताना या जुन्या, घामाच्या कामाचा उल्लेख राहून जातो.

आता पाण्याकडे वळू. ज्यांच्याकडे विहीर आहे, त्यांचे दुखणे म्हणजे रात्रीची लाइन. शेतीची वीज पाळीपाळीने येते आणि रात्रपाळीत मोटार सुरू करायला काळोखात बांधावरून जावे लागते, साप-विंचू आणि रानडुकरांच्या वाटेने. यावर मराठी माणसाने काढलेला एक तोडगा आता बराच जुना झाला. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचे उपकरण बनवले. मोटारीच्या स्टार्टरला मोबाइल जोडायचा, घरून फोन लावायचा, ठरलेला अंक दाबायचा आणि मोटार सुरू किंवा बंद करायची. लाइन आली आहे की नाही, हेही फोनवरच कळते. 2009 साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. गंमत म्हणजे त्यासाठी स्मार्टफोनची गरज नव्हती, बटणांचा साधा फोन पुरत होता.

याच गरजेतून आलेला दुसरा तोडगा म्हणजे ‘ऑटो’. लाइन आली की मोटार आपोआप सुरू करणारा हा स्वस्त स्विच. एकट्याच्या विहिरीवर तो अत्यंत शहाणा वाटतो. पण एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटारींना ऑटो असतील, तर वीज येताक्षणी सगळ्या एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, त्यामुळे दाब कोसळतो आणि रोहित्र जळते. मग आठवडाभर कुणालाच पाणी नाही. महावितरण म्हणूनच ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा, असे शेतकऱ्यांना वारंवार सांगत असते. ज्याच्या त्याच्या यंत्राची हुशारी एकत्र आली की गावाचे नुकसान होऊ शकते, हे उदाहरण तंत्रज्ञानाच्या कुठल्याही परिषदेत मांडण्यासारखे आहे.

यंत्राची अशीच मर्यादा हवामानाच्या नोंदींतही दिसते. राज्याने स्कायमेट कंपनीच्या सहकार्याने 2017 पासून ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांच्या ठिकाणी 2 हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस यांच्या नोंदी ती दिवसभर पाठवत राहतात. या नोंदी पीक विम्याच्या कामीही येतात, आणि वाद होतो तो तिथेच. पाऊस नाल्याच्या या काठाला कोसळतो आणि त्या काठाला थेंबही पडत नाही. केंद्र मात्र मंडळाला एकच. यंत्र खोटे बोलत नाही, पण ते उभे आहे त्या जागेपुरतेच खरे बोलते. ग्रामपंचायत पातळीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याच्या केंद्राच्या ‘विंड्स’ कार्यक्रमामागे हेच कारण आहे.

सध्या सगळ्यात जास्त बोलबाला आहे तो बारामतीचा. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. जमिनीतले संवेदक, उपग्रहाची छायाचित्रे आणि हवामान केंद्राच्या नोंदी एकत्र करून कुठल्या भागाला किती पाणी आणि खत द्यायचे, हे सांगितले जाते. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जानेवारी 2025 मध्ये त्याची दखल घेतल्यावर तो देशभर गाजला. प्रयोग चांगला आहे, पण तो दिग्रसला जसाच्या तसा उचलून आणता येणार नाही. ठिबकची नळी आणि तिला हुकमी पाणी असेल, तर ‘आज इतके लिटर द्या’ या सल्ल्याला अर्थ आहे. कोरडवाहू रानातल्या संवेदकाने ‘ओल कमी आहे’ असे सांगितले, तर कास्तकार आभाळाकडे बघण्यापलीकडे काय करणार? इथे उपयोग आहे तो पेरणीची वेळ, किडीचा इशारा आणि भावाची बातमी यांचा.

वेचलेला कापूस बाजारात आला की एक छोटेसे उपकरण त्याचे भवितव्य ठरवते. ओलावा मोजण्याचे मीटर. ओल्या कापसातून वीज सहज वाहते, कोरड्यातून अडखळते, आणि त्या फरकावरून काट्यावर टक्का दिसतो. भारतीय कापूस महामंडळ आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला भाव कापते आणि बाराच्या वर कापूस घेतच नाही. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, म्हणजे एकेक टक्का साधारण 81 रुपयांचा. सकाळच्या दवात वेचलेला कापूस लगेच गाडीत भरला, तर नुकसान कुठे होते ते यावरून कळेल. त्याच हंगामापासून विक्रीच्या नोंदणीसाठी ‘कपास किसान’ हे ॲप आले. सातबाऱ्यावर कापसाची नोंद हवी, म्हणजे आधी ई-पीक पाहणी झालेली हवी. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या या पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो टाकतो. फोन नाही, किंवा सर्व्हर मंद आहे, अशा वेळी मुलाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या मागे लागण्यावाचून गत्यंतर नसते.

जिनिंगमधून निघालेल्या गाठी गिरणीत पोहोचल्या की यंत्रांची खरी हुशारी दिसते. धाग्याची लांबी, ताकद, जाडी यंत्र क्षणात मोजते. कापूस पिंजण्याआधी तो कॅमेऱ्यांसमोरून वाऱ्याच्या झोताने वाहत जातो. त्यात रंगीत चिंधी, केस, प्लास्टिकचा धागा दिसला की हवेचा फटकारा तेवढाच पुंजका बाहेर उडवतो. लाखोंची ही यंत्रे बसवावी लागतात, कारण वेचलेला कापूस खताच्या प्लास्टिक पोत्यात भरला जातो आणि पोत्याचे धागे सुटून त्यात मिसळतात. वेचणाऱ्या बायकांना सुती कापडाच्या झोळ्या दिल्या, तर बरेचसे काम शेतातच होईल. गाठींवर क्यूआर कोड लावून त्या कुठून आल्या हे कळावे, यासाठी ‘कस्तुरी कॉटन भारत’ हा उपक्रमही आहे. पण कोडमध्ये प्रत वाढवण्याची ताकद नाही, ती फक्त दाखवण्याची आहे.

राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी त्यात 500 कोटी रुपयांची तरतूद आहे. मराठीतून सल्ला देणारे ‘महाविस्तार’ ॲपही त्याच वर्षी आले. येत्या काही हंगामांत दिग्रसच्या बाजारात संवेदक, सापळे, स्टार्टर विकणारे आणखी येतील. घेण्याआधी विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात. बिघडले तर दुरुस्तीला माणूस दिग्रस-दारव्ह्याहून येणार की पुण्याहून? सिमचे रिचार्ज आणि ॲपची वार्षिक वर्गणी किती? रेंज नसताना ते चालते का? आणि आपल्या शेताची माहिती कंपनी पुढे कुणाला देते? याची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर तूर्त कामगंध सापळा घ्या. पेरणीनंतर साधारण दीड महिन्यात तो लावा, ल्यूर तिच्या पाकिटावर दिलेल्या मुदतीत बदला आणि रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहा. जानेवारी उजाडण्याआधी पऱ्हाटी उपटा आणि फरदड ठेवू नका. ते ॲप सांगो वा न सांगो.