दुकानाचा मालक कोण?



वाण्याच्या दुकानाचा मालक गल्ल्यावर बसलेला दिसतो. पण टॅम्पिनीस हबमधल्या भल्या मोठ्या फेअरप्राइसचा मालक कोण? आमच्या घरी हा प्रश्न निघाला, तेव्हा उत्तर 'सरकार' असेच आले. ते बरोबर नाही.

फेअरप्राइस ही सहकारी संस्था आहे. 1973 साली महागाई भडकली होती. तांदळासारख्या रोजच्या जिनसांचे भाव कामगारांना झेपेनात. तेव्हा एनटीयूसीने, म्हणजे इथल्या कामगार संघटनांच्या मध्यवर्ती संघटनेने, स्वतःच दुकान काढले. नाव 'वेलकम'. तोआ पायोतल्या या पहिल्या दुकानाचे उद्घाटन पंतप्रधान ली क्वान यू यांनी केले. 1983 मध्ये कामगारांचीच आणखी एक सहकारी संस्था त्यात मिसळली आणि 'फेअरप्राइस' हे नाव आले.

म्हणजे मालक कामगार संघटना आणि भाग घेतलेले सभासद. नफ्यातून या सभासदांना वर्षानुवर्षे भागांवर लाभांश मिळाला, शिवाय खरेदीच्या प्रमाणात काही पैसे परत मिळाले. आपल्या आजीआजोबांना हे नवे वाटणार नाही. मुंबईत नायगावला गिरणी कामगारांनी 1948 मध्ये सुरू केलेला 'अपना बाजार' याच जातीचा.

पण मुलांनो, इथे एक बारकावा आहे. या दोन्ही ठिकाणी कामगार मालक झाला तो गिऱ्हाईक म्हणून. गल्ल्यावरची आंटी केवळ तिथे नोकरी करते म्हणून मालकीण होत नाही.

नोकरी करतो तोच मालक, असे दुकान पाहायचे तर इंग्लंडला जावे लागेल. लंडनच्या जॉन लुईस या मोठ्या दुकानात मालकाचा मुलगा स्पेडन लुईस हिशेब तपासत होता. वडील, भाऊ आणि आपण अशा तिघांची कमाई बाकी सगळ्या नोकरांच्या एकूण पगाराहून जास्त आहे, हे पाहून तो चक्रावला. पुढे 1929 मध्ये त्याने धंदा एका विश्वस्तनिधीकडे सोपवला, तो नोकरांच्या हितासाठी चालवायचा अशी अट घालून. वेटरोज ही किराणा दुकानांची साखळीही 1937 पासून त्यांचीच. तिथे नोकरांना 'भागीदार' म्हणतात. बोनस जाहीर झाला की अध्यक्ष आणि फळ्या लावणारा पोरगा, दोघांना पगाराचे सारखेच टक्के! भागीदारांनी निवडलेली परिषद अध्यक्षाला काढूही शकते. 2023 मध्ये तिने अध्यक्षांच्या आदल्या वर्षाच्या कामगिरीवर अविश्वास दाखवला, मात्र पुढच्या वाटचालीसाठी पाठिंबा दिला.

आम्हा नोकरदारांना हे ऐकून हेवा वाटतो खरा. तरी पालकांनी दुसरी बाजूही मुलांना सांगावी. मालक झाले की तोटाही आपलाच. करोनानंतर 2021 मध्ये भागीदारांना बोनस मिळाला नाही. 1953 नंतर असे प्रथमच घडले. त्याच सुमारास काही दुकाने कायमची बंद झाली आणि तिथल्या अनेक भागीदारांची नोकरी गेली. नोकरी गेली तशी भागीदारीही गेली, कारण तिथे कोणाच्या नावावर विकता येईल असा एकही शेअर नसतो.