ईश्वर मानणारे आणि न मानणारे : परस्परांच्या मतांची ओळख

ख्रिस्ती आणि निरीश्वरवादी यांच्यातील वाद जुना आहे. खंडन-मंडनाचे ग्रंथ झाले, जाहीर सभा झाल्या, प्रसंगी कोर्टकचेऱ्याही झाल्या. परंतु ज्या मताचे खंडन करावयाचे ते प्रतिपक्षाचे खरोखरच आहे, की आपणच ते त्याच्या माथी मारले आहे, याची तपासणी क्वचितच होते. नागपूरकरांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली येथे आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून या शहरात आहे. याच नगरीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व आपल्या लाखो अनुयायांना दिली. जगन्नियंत्या ईश्वरावर विश्वास ठेवणारा ख्रिस्ती समाज आणि असा ईश्वर न मानणारा बौद्ध समाज येथे शेजारी म्हणून राहतात. या वादाच्या एका बाजूस आपण स्वतः उभे आहोत, म्हणून या प्रश्नाचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. ‘नास्तिक’ हा शब्द आपल्याकडे निदान तीन अर्थांनी वापरला जातो. मनुस्मृतीच्या दृष्टीने वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने ईश्वराचे अस्तित्व नाकारणारा तो नास्तिक. पालि वाङ्मयातील ‘नत्थिकवाद’ याहून वेगळा आहे. सत्कर्माला व दुष्कर्माला फळ नाही, देह पडला की सारे संपले, असे अजित केसकंबलाचे मत होते. त्या मताची गणना तथागतांनी मिथ्यादृष्टीत केली आहे. तेव्हा बौद्ध मनुष्य पहिल्या दोन अर्थांनी नास्तिक ठरेल. तिसऱ्या अर्थाने तो नास्तिक नाही. येथे एक ऐतिहासिक गोष्टही ध्यानात घ्यावी. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनाच रोमन साम्राज्यात नास्तिक म्हटले जाई, कारण ते राज्याच्या देवदेवतांना भजत नसत. दुसऱ्या शतकातील जस्टिन या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने सम्राटास उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात, त्या देवतांपुरते आम्ही नास्तिकच आहोत, असे मान्य केले होते. नास्तिक हे बहुधा दुसऱ्याने चिकटविलेले नाव असते. त्यावरून त्या माणसाचे मत कळत नाही.

ईश्वर नसेल तर नीतीला आधार कोणता, ही ख्रिस्ती बाजूची प्रमुख शंका होय. ती सिंहलद्वीपातील पाणदुरे येथे ऑगस्ट १८७३ मध्ये झालेल्या प्रसिद्ध वादात स्पष्टपणे पुढे आली. ख्रिस्ती पक्षाचे डेव्हिड डी सिल्व्हा हे पालि जाणणारे होते. आत्मा नाही असे बौद्ध म्हणतात, तर कर्माचे फळ भोगतो कोण, आणि भोगणाराच नसेल तर मनुष्य पापापासून परावृत्त का व्हावा, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न प्रामाणिक होता. परंतु शाश्वत आत्म्यावाचून नैतिक उत्तरदायित्व संभवत नाही, हे त्यांनी आधीच गृहीत धरले होते. प्रतीत्यसमुत्पादात कार्यकारणाची अखंड साखळी असते; तिच्यात कर्ता पूर्णतः तोच राहत नाही आणि पूर्णतः वेगळाही होत नाही. बौद्धांचे हे म्हणणे त्या चौकटीत मावत नव्हते. उलट बाजूने मोहोट्टिवत्ते गुणानंद स्थविरांनी बायबलातील कोपिष्ट व पश्चात्ताप करणाऱ्या ईश्वराची वर्णने पुढे करून त्याच्या सर्वज्ञतेवर आघात केला. सभा त्यांनी जिंकली, असे बौद्ध जनतेने मानले. बौद्ध पुनरुज्जीवनाला त्या वादाने बळ मिळाले, हे निर्विवाद आहे. परंतु ती वर्णने विचारी ख्रिस्ती मनुष्य कोणत्या अर्थाने घेतो, हा प्रश्न त्या गर्दीत मागेच राहिला.

आता आपल्या बाजूचे गैरसमज पाहू. मराठी बायबलात ‘देव’ हाच शब्द योजलेला आहे. तो कानी पडताच आपल्या मनासमोर नवस, अंगात येणे, बळी आणि पुजाऱ्याची दक्षिणा उभी राहते, आणि त्यांच्याविषयीचा आपला न्याय्य संताप आपण ख्रिस्ती कल्पनेवर उतरवितो. ‘ख्रिस्ती माणूस स्वर्गाच्या लोभाने व नरकाच्या भयाने चांगला वागतो’, हे वाक्यही आपण सहज उच्चारतो. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे तारण ही सत्कृत्यांची मजुरी नसून ईश्वराची कृपा आहे. शेजाऱ्यावरील प्रेम हे त्या कृपेला दिलेले उत्तर आहे. ही भूमिका आपणांस पटावी असे नाही. कृपा करणारा कोणी आहे, हेच मुळी आपण मानत नाही. तथापि, नाकारावयाची ती ही भूमिका. सौदेबाजीची कल्पना नाकारल्याने ख्रिस्ती मत नाकारले असे होत नाही. ‘पाप’ या शब्दाचेही तसेच आहे. आपल्याकडे पाप म्हणजे अकुशल कर्म. ख्रिस्ती माणसासाठी पाप म्हणजे प्रथमतः ईश्वराशी असलेल्या नात्याचा भंग.

समज अपुरी असली की साधा वादही कसा विकोपाला जातो, याचे उदाहरण मुंबईत २०१२ मध्ये घडले. विलेपार्ले भागातील इर्ला येथे एका चर्चमधील क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि भाविकांची रीघ लागली. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी पाहणी करून, तुंबलेल्या सांडपाण्याचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून मूर्तीपर्यंत चढते, असा खुलासा केला. खुलासा सरळ होता. परंतु दूरदर्शनवाहिनीवरील वादात चर्च पैशासाठी चमत्कारांचा प्रसार करते असा आरोप झाला, आणि तत्कालीन भारतीय दंडविधानाच्या २९५-अ कलमाखाली एडामरुकू यांच्याविरुद्ध तक्रारी दाखल झाल्या. त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. वस्तुतः चर्चने त्या घटनेस चमत्कार म्हणून अधिकृत मान्यता दिलेली नव्हती. दीर्घ चौकशीवाचून तशी मान्यता न देण्याची कॅथलिक परंपरा आहे. दुसरीकडे, ओलाव्याचे कारण सांगणे म्हणजे ख्रिस्ताचा अवमान नव्हे, हे तक्रारदारांनी ओळखले नाही. प्रश्न विचारणाऱ्याला देश सोडावा लागणे ही बाब आपणांस अस्वस्थ करणारी आहे, आणि विचारस्वातंत्र्याच्या बाजूने आपण निःसंदिग्धपणे उभे राहिले पाहिजे.

प्रतिपक्षाचे मत आपणांस कळले आहे, हे ओळखावे कसे? ब्रायन कॅप्लन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २०११ मध्ये एक कसोटी सुचविली. प्रतिपक्षाचे मत आपण इतक्या यथार्थपणे मांडावे की, हा आपल्यातीलच कोणी बोलत आहे, असे त्या पक्षाच्या लोकांना वाटावे. त्याच वर्षी लिआ लिब्रेस्को या अमेरिकन लेखिकेने ही कसोटी ख्रिस्ती व नास्तिक यांना लावून पाहिली. प्रत्येकाने एकदा स्वतःच्या व एकदा प्रतिपक्षाच्या भूमिकेतून उत्तरे लिहावयाची आणि खरा कोण हे वाचकांनी ओळखावयाचे, असे तिचे स्वरूप होते.

ही कसोटी आपणांस परकी वाटू नये. दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात वासेट्ठ व भारद्वाज हे तरुण ब्राह्मण तथागतांकडे येतात. तथागत त्यांच्या मतावर एकदम प्रहार करीत नाहीत. तुमच्या आचार्यांपैकी, त्यांच्या आचार्यांपैकी, प्राचीन ऋषींपैकी कोणी ब्रह्मा प्रत्यक्ष पाहिला आहे काय, असे ते एकेक पायरीने विचारतात आणि प्रत्येक पायरीवर वासेट्ठाची संमती घेतात. निष्कर्ष निघतो तो वासेट्ठाच्याच कबुलीतून. ब्रह्मजाल सुत्तातील उपदेश तर थेट आपल्यासाठी आहे. बुद्ध, धम्म व संघ यांची कोणी निंदा केली असता रागावू नका; कारण रागावलात तर त्याचे बोलणे खरे की खोटे हेच तुम्हांस कळणार नाही.

बोधिसत्त्व बाबासाहेबांची पद्धतीही हीच होती. १९५० साली ‘महाबोधी’ मासिकात लिहिलेल्या बुद्धधम्माच्या भवितव्यावरील लेखात त्यांनी येशूचा ईश्वरपुत्रत्वाचा दावा नेमकेपणाने मांडला आणि मगच, बुद्ध हे मोक्षदाते नसून मार्गदाते आहेत, हा भेद दाखविला. भारतातील ख्रिस्ती धर्मप्रसाराची चिकित्सा करतानाही शिक्षण व वैद्यकसेवेतील मिशनऱ्यांच्या कार्याची नोंद घेण्यास ते चुकले नाहीत, आणि धर्मांतरितांत टिकून राहिलेल्या जातीवर बोट ठेवण्यासही कचरले नाहीत.

या विषयात केवळ तत्त्वचर्चा गुंतलेली नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या कक्षेत बौद्धांना येण्यास १९९० साल उजाडावे लागले. ख्रिस्ती झालेले दलित आजही त्या कक्षेबाहेर आहेत. धर्म बदलला तरी जात पाठ सोडत नाही, हा त्यांचा अनुभव आपल्या अनुभवाहून निराळा नाही. ज्यांची दुःखे इतकी सारखी आहेत, त्यांनी परस्परांची मते विपर्यस्त स्वरूपात बाळगावीत, हे कोणाच्याच हिताचे नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. विहारांतील अभ्यासवर्गांनी ख्रिस्ती श्रद्धेचे सार एका पानात लिहावे आणि ते एखाद्या ख्रिस्ती बांधवास वाचावयास द्यावे. ‘हे आमचेच म्हणणे आहे’, असे तो म्हणेपर्यंत त्यात दुरुस्त्या कराव्यात. त्यानेही बौद्ध मताविषयी असेच एक पान लिहून आपणांस दाखवावे. मतभेद त्यानंतरही राहतील, आणि ते राहावेत. ईश्वराच्या प्रश्नावर बौद्धांनी संदिग्ध बोलण्याचे कारण नाही. मात्र ती दोन पाने हाती आल्यावर जो वाद होईल, तो खऱ्या मतांचा वाद असेल.