बुलढाणा जिल्हा : सरहद्दी व पाणलोट

शेतकरी बंधूंनो, सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून शेताचा मालक व आकार कळतो. परंतु त्या शेतांतील पाणी कोणीकडचें, हें त्यांत लिहिलेलें नसतें. तें जाणल्यावांचून विहिरीस पैसा घालूं नये, असें आमचें मत आहे.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस मध्यप्रदेश, पूर्वेस अकोला व वाशीम, दक्षिणेस मुख्यत्वें जालना आणि पश्चिमेस जळगांव व छत्रपती संभाजीनगर हे जिल्हे आहेत. या सरहद्दी मनुष्यांनीं आंखलेल्या, म्हणून त्या पालटत आल्या. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत गेलें. १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. शेजारचा जालना जिल्हा १९८१ सालीं, तर वाशीम १९९८ सालीं झाला. पाण्याची सरहद्द मात्र कोणाच्या हुकुमानें हालत नाहीं.

ती सरहद्द म्हणजे जिल्ह्याच्या मधून गेलेली अजिंठ्याची डोंगररांग होय. तिच्या उत्तरेचा सखल, काळा मुलूख तो पायनघाट. मलकापूर, नांदुरा, शेगांव व जळगांव जामोद हीं त्यांत येतात. नळगंगा, विश्वगंगा व ज्ञानगंगा या पूर्णेस मिळतात, पूर्णा तापीस आणि तापी पश्चिम समुद्रास. दक्षिणेचा उंच मुलूख तो बालाघाट. चिखली, मेहकर व सिंदखेडराजा हीं त्यांत मोडतात. बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा वर्धेच्या द्वारें गोदावरीस जाते. तें पाणी पूर्व समुद्राचें. देऊळगांवराजाकडील खडकपूर्णाही गोदावरीचीच. तापीच्या पूर्णेशीं तिची गल्लत करूं नये. लोणार सरोवर मात्र एकटें. त्यांतून पाणी बाहेर जातच नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. पायनघाटांत पूर्णेच्या दोहों बाजूंस खारपाणपट्टा आहे. नदीच्या खोल गाळांत क्षार असल्यामुळें तेथील विहिरींचें पाणी बहुधा खारट निघतें. आम्ही कारकुनी करीत असतां तेथील एका गृहस्थानें बालाघाटांतील सोयऱ्याची गोड विहीर पाहून कर्ज काढलें व विहीर खणली. पाणी भरपूर लागलें, पण खारें. तेंच पिकास दिल्यानें कांहीं वर्षांत जमीन चोपण झाली आणि कर्जापायीं दोन एकर विकावे लागले. त्या फेरफाराची नोंद आमच्याच हातून झाली; ती आम्ही विसरलों नाहीं.

तरी पायनघाटांतील बंधूंनीं आधीं शेजारच्या विहिरींचें पाणी तपासून घ्यावें. तें खारें निघाल्यास तो पैसा शेततळ्यास लावून पावसाचें गोड पाणी धरावें. बालाघाटांतील बंधूंनीं बांध घालून उतारावरचें पाणी शेतांतच मुरवावें. शेत कोणत्या पाणलोटांत आहे, हें ज्यास ठाऊक, त्याचा पैसा फुकट जात नाहीं.