ऑलिम्पिक कुणाच्या मालकीचं?

७ फेब्रुवारी २०१४. रशियातल्या सोची शहरात हिवाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन चाललं होतं. शिवा केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल हे तीन भारतीय खेळाडू संचलनात उतरले, पण त्यांच्यापुढे तिरंगा नव्हता. होता तो पाच वर्तुळांचा पांढरा ऑलिम्पिक ध्वज. सव्वाशे कोटी लोकांच्या देशाचा झेंडा मैदानाबाहेर राहिला होता, आणि तो बाहेर ठेवणारं कुठलंही शत्रुराष्ट्र नव्हतं. भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या निवडणुकीत सरकारी हस्तक्षेप झाला, या कारणावरून डिसेंबर २०१२ मध्ये तिचं निलंबन झालं होतं. पुढे आरोपपत्र असलेल्यांना पदाधिकारी होता येऊ नये, असाही आग्रह धरला गेला. संघटनेने आपली घटना बदलली, नव्याने निवडणूक घेतली, आणि ११ फेब्रुवारीला, स्पर्धा ऐन भरात असतानाच, निलंबन उठलं. समारोपाला तिरंगा आला. केशवनची शर्यत मात्र तोवर होऊन गेली होती.

एका सार्वभौम देशातल्या संघटनेला स्वतःची घटना बदलायला लावणारी ही सत्ता आहे तरी कोण? तिच्याकडे सैन्य नाही, जमीन नाही, कर गोळा करायचा अधिकार नाही. ती संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही, कुठल्या आंतरराष्ट्रीय करारातून जन्मलेलीही नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ही स्वित्झर्लंडच्या नागरी कायद्याखालची एक खासगी संस्था आहे. त्या कायद्याच्या ६०व्या कलमापासून जे नियम सुरू होतात, त्यांच्याच आधारे तिथली गायनमंडळं आणि बुद्धिबळाचे क्लब चालतात. आपल्या गल्लीतलं नोंदणीकृत गणेश मंडळ उद्या जगभरच्या सरकारांना अटी घालू लागलं तर जसं वाटेल, तसाच हा प्रकार आहे.

तिची सुरुवातही एका सभागृहातली. २३ जून १८९४ रोजी पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठात पिएर द कुबेर्तां या फ्रेंच उमरावाने बोलावलेल्या परिषदेत प्राचीन ग्रीक खेळांचं पुनरुज्जीवन करायचं ठरलं. पहिले अध्यक्ष झाले दिमित्रिओस विकेलास, पेशाने व्यापारी आणि वृत्तीने लेखक असलेले ग्रीक गृहस्थ. दोनच वर्षांत अथेन्समध्ये १४ देशांचे सुमारे २४० खेळाडू जमले, सगळेच्या सगळे पुरुष. १९१५ मध्ये, युरोप महायुद्धात होरपळत असताना, कुबेर्तांनी संस्थेचं बिऱ्हाड तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये लोझानला हलवलं. ते आजही तिथेच आहे.

कुबेर्तांची खरी शक्कल मात्र सदस्यत्वाच्या नियमात होती. समितीचा भारतातला सदस्य हा भारताचा समितीतला प्रतिनिधी नसतो. तो समितीचा भारतातला प्रतिनिधी असतो. नियम उलटा आहे आणि मुद्दाम उलटा ठेवलेला आहे. सदस्याने आपल्या सरकारकडून आदेश घ्यायचे नाहीत, आणि नवा सदस्य जुन्या सदस्यांनीच निवडायचा. आज जास्तीत जास्त ११५ सदस्य असू शकतात. त्यांत ७० वैयक्तिक, आणि खेळाडू, जागतिक क्रीडा महासंघ व राष्ट्रीय समित्या यांच्यातले प्रत्येकी कमाल १५.

हे सदस्य ज्या दस्तऐवजावर चालतात, ती ऑलिम्पिक सनद वाचताना पुन्हा पुन्हा थबकायला होतं. तिचा सहावा नियम म्हणतो की या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. आपण रोज सकाळी वर्तमानपत्रात जो पदकतक्ता शोधतो, त्याला सनदेच्या लेखी काही अर्थच नाही! सातवा नियम सांगतो की ऑलिम्पिक स्पर्धा ही समितीची मालमत्ता आहे. यजमानपदसुद्धा मुळात शहराला मिळतं. लंडनने तीन ऑलिम्पिक भरवली, ती ब्रिटनने नव्हे, लंडनने.

देश आणि ऑलिम्पिक यांची हद्द जुळत नाही, याचा सर्वांत मोठा फायदा कदाचित आपल्यालाच झाला. त्याची गोष्ट पुण्यात सुरू होते. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी खेड्यापाड्यांतले तरुण अनवाणी धावताना पाहिले. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. ही पोरं १९२० च्या ऑलिम्पिकला अँटवर्पला पाठवायचीच, असं टाटांच्या मनाने घेतलं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांनाही त्यांनी पटवलं. खटपट किती शून्यातून चालली होती, याचा एक किस्सा टाटांनीच पुढे पत्रात नोंदवला आहे. शंभर मीटरच्या पात्रतेची वेळ किती असावी, असं विचारल्यावर जिमखान्याच्या समितीतल्या एका प्रमुख सभासदाने एक ते दोन मिनिटं असा अंदाज सांगितला. हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा आणि त्याच्याही अंशांचा असतो, हे ऐकून ते अवाक झाले.

तरीही १९२० मध्ये सहा जण अँटवर्पला पोचले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं. स्वातंत्र्याला अजून २७ वर्षं होती, पण खेळाडूंच्या यादीत 'भारत' हे वेगळं नाव नोंदलं गेलं होतं. टाटा स्वतः त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय समितीचे सदस्य झाले. ज्या देशाला स्वतःचं सरकार नव्हतं, त्याला स्वतःचा संघ होता! आजही संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३ आणि राष्ट्रीय ऑलिम्पिक समित्या २०६. पोर्तो रिको, हाँगकाँग, पॅलेस्टाईन अशी नावं या फरकात सामावलेली आहेत. २०१६ साली रिओमध्ये तर ज्यांना देशच उरला नाही अशा दहा निर्वासितांचा संघ संचलनात चालला, आणि २०२४ मध्ये पॅरिसला सिंडी न्गाम्बा या मुष्टियोद्धीने निर्वासित संघाचं पहिलं पदक जिंकलं.

मग समिती सर्वशक्तिमान आहे का? तसंही नाही. कुस्तीचे डाव आणि गुण कसे मोजायचे हे कुस्तीचा जागतिक महासंघ ठरवतो, संघ कोणता पाठवायचा हे राष्ट्रीय समिती ठरवते. उत्तेजकांवर लक्ष ठेवायला १९९९ पासून वेगळी जागतिक संस्था आहे. वाद झाला तर १९८४ मध्ये स्थापन झालेला क्रीडा लवाद आहे. १९९६ पासून त्याची एक शाखा स्पर्धेच्या गावातच मुक्काम ठोकते आणि साधारण २४ तासांत निकाल देते. आपल्याकडे तारखेवर तारीख पडते, तिथे उपांत्य आणि अंतिम फेरीच्या मधल्या वेळात न्याय होतो.

मूल्यांची गोष्ट मात्र अशी सरळ रेषेत जात नाही. मैत्री, आदर, उत्कृष्टता हे शब्द भिंतीवर शोभतात. त्यांचा अर्थ दर पिढीने भांडून बदलून घेतला आहे. बायकांच्या स्पर्धांना खुद्द कुबेर्तांचा विरोध होता. १९२८ मध्ये स्त्रिया ८०० मीटर धावल्या, काही जणी दमून खाली बसल्या, आणि तेवढ्यावरून ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. स्त्रियांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. पुरुष आणि स्त्रिया यांना समसमान जागा मिळाल्या त्या २०२४ मध्ये, कुबेर्तांच्याच पॅरिसला. हौशीपणाचंही तसंच. जिम थॉर्प या अमेरिकन आदिवासी खेळाडूने किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळलं होतं, म्हणून १९१३ मध्ये त्याची दोन सुवर्णपदकं काढून घेतली गेली. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ साल आलं. तोवर ऑलिम्पिकमध्ये कोट्यधीश व्यावसायिक खेळाडू खुशाल उतरू लागले होते.

सरकारच्या पैशाशिवाय मोठी झालेली माणसंही याच इतिहासात आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला जावेत म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं. खाशाबांनी आणलेलं कांस्य हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. १९६५ च्या भारत-पाक युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहले आणि पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण घेऊन आले. हा वेगळा प्रवाहही इंग्लंडमधल्या एका इस्पितळाच्या हिरवळीवर सुरू झाला. तिथे १९४८ मध्ये डॉ. लुडविग गुटमान यांनी १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी भरवली होती.

स्वतःच स्वतःला निवडणाऱ्या मंडळींच्या हाती इतकं असलं की कीडही लागते. सॉल्ट लेक सिटीला यजमानपद मिळावं म्हणून सदस्यांनी भेटी आणि सवलती घेतल्याचं १९९८ च्या अखेरीस उघड झालं. सहा जणांची हकालपट्टी झाली, काहींनी राजीनामे दिले. आपल्या वागणुकीवर नजर ठेवणारा नीतिमत्ता आयोग समितीने त्यानंतर नेमला. यजमानांचेही हाल कमी नव्हते. माँट्रियलच्या १९७६ च्या स्पर्धेचं कर्ज २००६ पर्यंत फिटत होतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये समितीचे सदस्य मुंबईत जमले. १९०० नंतर क्रिकेट पुन्हा ऑलिम्पिकमध्ये घ्यायचं की नाही, हा प्रश्न हात वर करून सुटला. विरोधात फक्त दोन हात. मार्च २०२५ मध्ये झिम्बाब्वेच्या जलतरणपटू कर्स्टी कॉव्हेंट्री पहिल्या महिला आणि पहिल्या आफ्रिकी अध्यक्ष म्हणून निवडून आल्या, त्या ९७ पैकी ४९ मतांवर. क्रीडाजगातलं सर्वांत मोठं पद एका ग्रामपंचायतीच्या प्रभागात पडतील त्याहून कमी मतांनी ठरलं.

मग सगळे या समितीचं ऐकतात ते का? कायद्याच्या धाकाने नाही. जगातल्या प्रत्येक खेळाडूला त्या मैदानावर जायचं असतं, आणि कुठल्याही सरकारला आपल्या खेळाडूंना घरी बसवल्याचा ठपका नको असतो. १९८० मध्ये अमेरिकेने आणि १९८४ मध्ये सोव्हिएत गटाने बहिष्कार घालून पाहिला. १९८८ मध्ये दोघेही सोलला हजर होते. २०२५ मध्ये भारताच्या संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, तेव्हा ऑलिम्पिक सनदेचं भान त्यात ठेवावं लागलं. २०३६ च्या यजमानपदासाठी भारताने पत्रही दिलं आहे. लोझानची संस्था उद्या मोडीत काढायला रणगाडा लागणार नाही. धावणाऱ्यांना तिथे धावावंसं वाटेनासं झालं की पुरे. सव्वाशे वर्षांत तसं झालेलं नाही, आणि तिची सगळी सत्ता तेवढ्यावरच उभी आहे.