बिनतारी कानगोष्टी

‘वार्षिकासाठी काहीतरी लिही, पण ज्याचा स्वतः अनुभव घेतला आहेस असेच लिही,’ असे सरांनी बजावले, तेव्हा मी अनुभवांची झोळी उलटी करून पाहिली. प्रवासवर्णन लिहावे, तर ठाणे ते डोंबिवली यापलीकडे माझा प्रवास नाही. कविता लिहावी, तर कवी वर्गात निम्मे आहेत. शेवटी झोळीतून एकच वस्तू बाहेर पडली : सुटीत लहान मुलांच्या शिकवण्या करून मिळवलेल्या पैशांतून घेतलेला अठराशे रुपयांचा बिनतारी हेडफोन. गेले आठ महिने तो माझ्या कानांवर आहे. त्याची परीक्षा मी घेतली आणि त्यानेही माझी घेतली. त्या दोन्ही परीक्षांचा हा निकाल आहे. कंपनीचे नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. या किमतीच्या हेडफोनांचे गुणदोष थोड्याफार फरकाने सारखेच असतात. शिवाय फुकटची जाहिरातही नको आणि फुकटची बदनामीही नको.

आम्ही कोपरीत राहतो. (डोंबिवलीच्या मैत्रिणी हटकून विचारतात, ‘म्हणजे कोपर स्टेशन ना?’ कोपर वेगळे. ते दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले. आमची कोपरी ठाणे स्थानकाच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला.) घरात खोल्या दोन आणि माणसे चार. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात रात्रपाळीला जातात, त्यामुळे ते दिवसा झोपतात. आई नोकरी करते. आजी आणि मी दुपारभर घरी. आणि घरात आवाज करायचा नाही, हा नियम. अशा घरात फोनवर साठवलेली व्याख्याने ऐकायची किंवा आकाशवाणीवरचे गाणे ऐकायचे म्हणजे कानाला काहीतरी लावणे आलेच. हा शौक नव्हे. दोन खोल्यांच्या घरात तिसरी खोली बांधण्याचा तो स्वस्त मार्ग आहे.

पूर्वी माझ्याकडे कानात घट्ट बसणारी रबरी बोंडांची जोडी होती. तिची बोंडे कानाचे भोक बुजवतात, म्हणून बाहेरचा आवाज आत येत नाही. आणि त्याचा मला अभिमानही होता. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी आजी न्हाणीघरात घसरून पडली. तिने मला हाका मारल्या. मी पलीकडच्या खोलीत, आठ-दहा पावलांवर, राज्यशास्त्राचे व्याख्यान ऐकत बसले होते. शेवटी हाका ऐकून उठले ते रात्रपाळी करून आलेले बाबा. आजीच्या मनगटाला बारीकशी चीर गेली होती. सहा आठवडे प्लास्टर राहिले. मला कोणी रागावले नाही. आजी एवढेच म्हणाली, “घाण्याच्या बैलाला डोळ्यांवर झापडं असतात, पोरी. तू कानांवर बांधलीस.”

ती बोंडे त्या दिवसापासून खणात गेली. पण अभ्यास तर सुटला नव्हता आणि बाबांची झोपही सुटली नव्हती. तेव्हा मी शोधायला निघाले ते असे साधन, की जे माझा आवाज बाबांपर्यंत जाऊ देणार नाही, पण आजीची हाक माझ्यापर्यंत येऊ देईल.

हेडफोनांच्या मुख्य जाती तीन. पहिली कानात शिरणारी. तिची हकीकत वर आलीच. दुसरी कानाभोवती बसणारी. तिच्या मोठ्या गाद्या संपूर्ण कान वाटीसारखा झाकून टाकतात. तिसरी कानावर टेकणारी. तिच्या लहान गोल गाद्या कानाच्या पाळीवर नुसत्या टेकतात, कडेने फटी राहतात. या फटींतून बाहेरचे आत येते आणि आतले थोडे बाहेर जाते. जाणकार मंडळी हा या तिसऱ्या जातीचा मोठा दोष समजतात. मला नेमका हाच दोष हवा होता. स्थानकाजवळच्या दुकानात मी हेडफोन चढवला, फोनवर गाणे लावले आणि दुकानदाराला म्हटले, “जरा मला हाक मारता का?” त्याने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले; पण हाक मारली आणि मला ती ऐकू आली. सौदा तिथेच ठरला.

आता या यंत्राच्या पोटात काय असते ते थोडक्यात सांगते. प्रत्येक गादीमागे एक लोहचुंबक, त्याजवळ तारेचे लहानसे वेटोळे आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा असतो. वेटोळ्यातून विजेचा प्रवाह कमीजास्त होत वाहिला की वेटोळे पुढेमागे हलते, पडदा हलतो आणि हवा हलून ध्वनी होतो. या किमतीच्या हेडफोनात पडद्याचा व्यास साधारण ३० ते ४० मिलिमीटर असतो. माझ्याकडच्या हेडफोनात ढोलकीचा ठेका ठसठशीत येतो, माणसाचे बोलणे स्वच्छ येते. मात्र सतारीची झंकार आणि टाळांचा किणकिणाट थोडा बोथट होतो. व्याख्यानाला चांगला, तमाशाला उत्तम, मैफलीला बेताचा, असे त्याचे गुणपत्रक मी देईन.

बिनतारीपणाचे काम ‘ब्लूटूथ’ करते. एरिक्सन या स्वीडिश कंपनीत १९९४ साली या कामाला आरंभ झाला. नाव मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आवडेल असे आहे : दहाव्या शतकात डेन्मार्कमधील टोळ्यांना एकत्र आणणारा राजा हॅराल्ड याला ‘निळा दात’ असे टोपणनाव होते. वेगवेगळ्या यंत्रांना एकत्र आणणाऱ्या या पद्धतीला तेच नाव मिळाले. तिच्या रेडिओलहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. या पट्ट्यात वायफायचीही गर्दी असते. त्यावर उपाय म्हणून फोन आणि हेडफोन ७९ वाटांपैकी एकीवरून दुसरीवर, सेकंदाला १६०० वेळा, ठरलेल्या क्रमाने उड्या मारतात. अशाच जातीच्या युक्तीचे पेटंट १९४२ साली हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल या जोडीने घेतले होते. कलाशाखेने हे वाचून मान ताठ करायला हरकत नाही!

या सोयीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे ध्वनी दाबून, आवळून पाठवावा लागतो. सीडीवरील संगीताला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात; ब्लूटूथची नेहमीची पद्धत ते ३२८ किलोबिटांच्या आसपास बसवते. दुसरे म्हणजे या आवळण्या-सोडण्यात क्षणभर उशीर होतो. व्याख्यानात तो कळत नाही. पण माझा मामेभाऊ फोनवर क्रिकेटचा खेळ खेळत असताना त्याला टोला ऐकू येतो तो चेंडू बॅटवरून निघून गेल्यानंतर!

हेडफोन ही वस्तू मुळीच नवी नाही. अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथॅनियल बाल्डविन याने घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन १९१० च्या सुमारास अमेरिकन नौदलाने घेतले. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, त्या काळी स्फटिकावर चालणारे साधे रेडिओसंच कानाला यंत्र लावूनच ऐकावे लागत. पुढे ध्वनिक्षेपक असलेले संच घरोघरी आले आणि साऱ्या घराने एकत्र ऐकण्याची पद्धत पडली. मग १९७९ साली सोनी कंपनीचा ‘वॉकमन’ आला आणि ऐकणे पुन्हा एकट्याचे झाले. त्याच्याबरोबर मिळणारा, स्पंजाच्या गाद्यांचा, कानावर टेकणारा हलका हेडफोन हाच माझ्या हेडफोनचा पूर्वज म्हणायचा. पण त्या पहिल्या वॉकमनमध्ये एक गंमत होती. त्याला दोन हेडफोन लावता येत, आणि एक बटण दाबले की संगीत हळू होऊन एकमेकांशी बोलता येई. कंपनीचे अकिओ मोरिता यांनी ही सोय करायला लावली, कारण आपण एकटेच ऐकत बसलो की पत्नीला दूर लोटल्यासारखे वाटते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. तेव्हा माझ्या आजीची तक्रार काही कोपरीपुरती नाही. ती टोकियोतही झाली होती.

घरात हा हेडफोन पास झाला. आवाज निम्म्याच्या खाली ठेवला की आजीची हाक, कुकरची शिटी आणि दारावरची थाप हे तिन्ही ऐकू येतात, आणि बाबांची झोप मोडत नाही. खरी कसोटी लागली ती गाडीत. सकाळच्या धीम्या गाडीत ठाण्याला बसले आणि व्याख्यान लावले. गाडी कळव्याआधीच्या खाडीपुलावर आली आणि पुलाचा खडखडाट त्या फटींतून आत शिरला. मी आवाज वाढवला. मुंब्र्याला गर्दी चढली, आणखी वाढवला. दिव्याला गाडी थांबली, डबा क्षणभर शांत झाला, आणि सरांचा आवाज माझ्या कानात असा कडाडला की मी दचकले. शेजारच्या बाई हसून म्हणाल्या, “तुमचे सर फार भरभर बोलतात गं!” फटींतून आतले बाहेर जाते ते असे.

घरात जो गुण, तोच गाडीत दोष. आणि हा दोष गमतीवर नेण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ साली ठरवलेल्या मानकानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा नसतो. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. आणि ९० डेसिबलला आठवड्याचे उणेपुरे ४ तास! आतल्या कानातील ज्या सूक्ष्म केसपेशी ध्वनी टिपतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिवाय ही हानी दुखत नाही, म्हणून कळत नाही. गाडीच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आपण जो आवाज चढवतो, तो गोंगाटात भर घालत असतो, इतके साधे हे गणित आहे.

बाहेरचा गोंगाट उलट्या लहरींनी पुसून टाकणारे हेडफोनही मिळतात. त्यांनी गाडीत आवाज कमी ठेवता येतो, हे खरे. पण या किमतीत कानावर टेकणाऱ्या जातीत ती सोय सहसा नसते. म्हणून मी माझ्यापुरता नियम केला : गाडीत हेडफोन बंद. फलाटावर, पुलावर आणि रस्त्यावर तो गळ्यात. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहेच. पण कानांवर झापडे बांधून रूळ ओलांडणारी मुले मी ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत रोज पाहते आणि माझ्या पोटात गोळा येतो. गाडीचा भोंगा ही ओळखीच्या माणसाची हाक नसते. ती दुसऱ्यांदा ऐकू येईल याची खात्री नाही.

उरलेले गुणदोष आता भराभर सांगते. खोक्यावर बॅटरी ४० तास चालेल असे छापले होते. रोज तीन-साडेतीन तास ऐकून मला दर नवव्या-दहाव्या दिवशी ती भरावी लागते, म्हणजे कबुलीपेक्षा थोडी कमी, पण तक्रार करण्याइतकी नाही. असे आकडे बहुधा बेताच्या आवाजावर मोजलेले असतात, हे लक्षात ठेवावे. दुसरे, पाळीवर सतत दाब पडत असल्याने तासाभराने कान दुखू लागतात. माझ्यासारखा चष्मा असेल तर काड्याही रुततात. मी दर तासाला दहा मिनिटे तो उतरवते, आणि आता वाटते की हा दोषही उपकारकच आहे. तिसरे, गाद्यांवरचे नकली चामडे आपल्याकडच्या घामाने सुटते. ऑक्टोबरच्या उकाड्यात माझ्या गाद्यांचे पापुद्रे निघू लागले. तेव्हा गाद्या बदलता येतात की नाही, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. चौथे, माझ्या हेडफोनला तार जोडण्याची सोयच नाही. ऐन परीक्षेच्या आदल्या रात्री बॅटरी संपली तर तो नुसता केसांना लावायचा पट्टा होतो.

आजीचे प्लास्टर केव्हाच निघाले. हल्ली ती दुपारी मधूनच, काही काम नसताना, आतून हाक मारते. मी ‘ओ’ दिली की म्हणते, “काही नाही, चालू आहे का ते पाहिलं.” हेडफोन तपासण्याची ही रीत मला कोणत्याही जाणकाराच्या यंत्रापेक्षा भरवशाची वाटते. म्हणून हा हेडफोन घ्यावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे : घर लहान असेल, घरात कोणी आजारी किंवा वृद्ध असेल आणि बसून ऐकायचे असेल, तर जरूर घ्या. केवळ गाडीसाठी घेणार असाल, तर पैसे जपून ठेवा. आणि दुकानात जाल तेव्हा गाणे लावून पाहाच. पण गाणे चालू असतानाच बरोबरच्या माणसाला तुम्हाला एकदा हाक मारायला सांगा.